पाद्री, चोर आणि दोन हजार गुण

व्हॅम्पायरला आवरायचं कसं, हा प्रश्न १९७२ च्या आसपास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरातल्या एका तळघरात जमणाऱ्या तरुणांपुढे पडला होता. व्हॅम्पायर त्यांच्यातलाच एक होता. डेव्ह आर्नेसन हा इतिहासाचा विद्यार्थी मित्रांना आईवडिलांच्या घरी जमवायचा आणि ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक जहागिरीत तासन्‌तास फिरवून आणायचा. प्रत्येकाचं एक पात्र असे. पात्राला काय करायचंय ते खेळाडूने तोंडाने सांगायचं, पंच असलेल्या आर्नेसनने फासे टाकायचे आणि पुढे काय घडलं ते सगळ्यांना ऐकवायचं. अशा खेळात एकाचं पात्र व्हॅम्पायर झालं, त्याने ‘सर फँग’ हे नाव घेतलं आणि हळूहळू ते इतकं जबर झालं की बाकीच्यांना त्याच्यापुढे उभं राहता येईना.

नियमावर बोट ठेवून त्याला मारून टाकणं पंचाच्या हातात होतं. आर्नेसनने ते केलं नाही. माइक कार नावाच्या दुसऱ्या खेळाडूकडे त्याने गावच्या पाद्र्याची भूमिका दिली. त्या काळात इंग्लंडच्या हॅमर स्टुडिओचे ड्रॅक्युलापट जोरात चालत आणि त्यातला पीटर कुशिंगने उभा केलेला व्हॅम्पायरांचा शिकारी व्हॅन हेल्सिंग ही मंडळी कोळून प्यायली होती. तेव्हा क्रूस उगारला की भुताखेतांनी मागे सरायचं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पाद्री म्हटला की तो जखमाही बऱ्या करणार, हे ओघाने आलंच.

व्हिडिओ गेममध्ये मागे उभा राहून सोबत्यांच्या जखमा भरणारा जो ‘हीलर’ आज जगभर दिसतो, त्याचा मूळपुरुष हा. कुणी विद्वानाने कल्पनारम्य जगाची मांडणी करून त्यात धर्मसंस्थेसाठी जागा ठेवली होती, असं काही झालेलं नाही. चार मित्रांत एकजण डोईजड झाला, त्याला वेसण घालायला दुसरा उभा केला. क्लास म्हणजे पात्राचा पेशा आणि लेव्हल म्हणजे त्याच्या बढतीची पायरी, या व्यवस्थेचा पहिल्या वीस वर्षांचा इतिहास चाळला तर असे प्रसंग पुन्हापुन्हा सापडतात. आज अपरिवर्तनीय वाटणारे नियम कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी रुसव्याफुगव्यातून निघालेले असतात. पुढे ते संगणकात गेले. संगणकाने नियम जसेच्या तसे घेतले आणि रुसवे काढणारा पंच तेवढा बाहेर राहिला.

पंचाचं मूळ मात्र थेट प्रशियाच्या सैन्यात आहे. लेफ्टनंट राइसवित्झने १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ नियमबद्ध केला, त्यात निवाडा करायला तिऱ्हाईत माणूस होता. हीच कल्पना १८८० साली अमेरिकी सैन्यातल्या चार्ल्स टॉटनच्या ‘स्ट्रॅटेगोस’ या पुस्तकात आली. ते पुस्तक मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होतं आणि ते डेव्हिड वेझली या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती लागलं. खेळाडूने काहीही करून पाहावं आणि ते जमलं की नाही हे पंचाने ठरवावं, ही त्यातली गोष्ट वेझलीला फार आवडली.

१९६९ साली त्याने नेपोलियनच्या काळातली एक लढाई मांडली. पण फौजा येण्याआधी ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन गावातली माणसं त्याने खेळाडूंना वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठातला विद्यार्थी नेता. झालं! खेळाडू एकेक करून वेझलीला बाजूला घ्यायला लागले, कानात बेत सांगायला लागले, एकमेकांना फशी पाडायला लागले. लढाईला तोंड फुटलंच नाही. प्रयोग साफ फसला, असं वेझली समजत होता. मंडळींनी मात्र ‘परत कधी?’ म्हणून त्याचा पिच्छा पुरवला. त्या मंडळींत आर्नेसन होता.

ब्लॅकमूरमध्ये आर्नेसनने सुरुवातीला ‘चेनमेल’ या १९७१ साली निघालेल्या पुस्तिकेतले लढाईचे नियम वापरले. ते नियम शिशाच्या सैनिकांच्या तुकड्यांसाठी होते. घाव लागला की प्यादं मेलं. शिशाचा सैनिक मेल्याचं दुःख कुणाला होत नाही. पण महिनाभर ज्याच्या तोंडून आपण बोललो तो माणूस एका फाशात गेला की खेळाडूचं तोंड उतरतं. आपण राक्षसाला एका घावात मारलं तर हरकत नाही, राक्षसाने आपल्याला तसं मारू नये, असा सगळ्यांचा न्याय होता. आर्नेसनने अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांसाठी केलेल्या खेळातली एक युक्ती उचलली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, थोडं थोडं नुकसान सोसत जातं. तसे माणसालाही काही ‘हिट पॉइंट’ दिले. एवढ्याने पात्र जास्त जगायला लागलं. जास्त जगणारा माणूस अनुभवाने शहाणा व्हायला हवा, हे त्यापाठोपाठ आलं.

‘चेनमेल’ लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होता गॅरी गायगॅक्स. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या गावात राहणारा. विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेली, तेव्हापासून घरातच जोडे दुरुस्त करून पोट भरत होता आणि उरलेल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिहीत होता. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन त्याच्या घरी गेला आणि ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गायगॅक्सने लगेच पात्रांनी उतरून धुंडाळायचं स्वतःचं काल्पनिक भुयार आखायला घेतलं. त्यात पहिल्यांदा उतरले ते त्याची मुलगी एलिस आणि मुलगा अर्नी. आर्नेसनच्या विस्कळीत टिपणांना गायगॅक्सने टंकयंत्रावर आकार दिला आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाची तीन पुस्तिकांची पेटी दहा डॉलरला विक्रीला आली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची.

त्या पेटीत क्लास होते तीनच. लढवय्या, जादूगार आणि तो व्हॅम्पायरविरोधी पाद्री. पाद्र्याला पहिल्या लेव्हलला एकही मंत्र येत नसे. धारदार शस्त्र त्याला वर्ज्य, म्हणून हातात गदा. जादूगाराला पहिल्या लेव्हलला दिवसातून एक मंत्र. मंत्र म्हटला की तो स्मरणातून पुसला जायचा, ही जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधली कल्पना गायगॅक्सने उचलली होती. एक मंत्र संपलेला जादूगार म्हणजे अंगरखा घातलेलं ओझंच, ते लढवय्यांनी सांभाळून न्यायचं. चिवट जादूगार जगलाच तर पुढे सगळ्यांचा बाप होणार, या आशेवर.

लेव्हलच्या तक्त्यात एक गंमत दडलेली आहे. ‘चेनमेल’मध्ये ‘हिरो’ नावाचं प्यादं चार माणसांच्या बळाचं आणि ‘सुपरहिरो’ आठ माणसांच्या बळाचं होतं. नव्या खेळात लढवय्याच्या प्रत्येक लेव्हलला पदवी आहे. पहिल्या लेव्हलचा तो मुरलेला शिपाई, चौथीचा हिरो, आठवीचा सुपरहिरो. म्हणजे चार आणि आठ या दोन खुंट्या आधीपासून ठोकलेल्या होत्या, बाकीच्या पायऱ्या त्यांच्या मागेपुढे नंतर बसवल्या. माणूस किती माणसांना भारी आहे, या सैनिकी हिशेबातून ‘लेव्हल’ निघाली.

दुसऱ्या लेव्हलला जायला लढवय्याला २,००० अनुभवगुण लागत. तिसरीला ४,०००, चौथीला ८,०००, पाचवीला १६,०००. आठवीला १,२०,००० आणि नववीला, म्हणजे ‘लॉर्ड’ व्हायला, २,४०,०००. पाद्र्याला दुसरी लेव्हल १,५०० वर मिळे, जादूगाराला २,५०० वर. दुपटीच्या या चढणीमुळे वरची प्रत्येक पायरी आधीच्या सगळ्या पायऱ्यांच्या बेरजेइतकी, निदान जवळपास तितकी, लांब. आणि उथळ पाण्यात राहून गुण साठवू नयेत म्हणून कायदा असा, की आठव्या लेव्हलच्या माणसाने भुयाराच्या पाचव्या मजल्यावर काही मिळवलं तर त्याच्या पदरात गुण पाच अष्टमांशच पडावेत.

गुण मिळत कशाचे? राक्षस मारल्याचे मिळतच, पण त्याहून जास्त मिळत ते सोन्याचे. भुयारातून वर आणलेल्या प्रत्येक मोहरेला एक गुण. आजच्या गेमवर वाढलेल्या मुलाला हे विचित्र वाटेल. खरं तर यातच त्या खेळाचं शहाणपण होतं. झोपलेल्या ड्रॅगनला न उठवता पोतं भरून बाहेर पडणारा खेळाडू सगळ्यात लवकर वर चढायचा. मारामारी हा नाइलाज होता. १९७५ साली निघालेल्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत गायगॅक्सने राक्षस मारण्याचे गुण आणखी खाली आणले. मोहरांना गुण देऊन लोकांना लुटारू बनवणारा हा नियम नीतीच्या दृष्टीने काय, हे त्या काळात विचारलं गेलं नाही असं नाही. मला स्वतःला तो नंतरच्या ‘मारा आणि वाढा’ नियमापेक्षा बरा वाटतो. त्यात डोकं चालवायला जागा होती.

याच पुरवणीत चौथा क्लास आला, चोर. त्याचं कुळ लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिकातलं. तिथल्या एरो हॉबीज या दुकानात जमणाऱ्या टोळक्याने कुलपं उघडणारा, सावलीतून सरकणारा, सापळे निकामी करणारा क्लास बनवला होता. दुकानदार गॅरी स्विट्झरने १९७४ साली फोनवर गायगॅक्सला त्याची हकीकत सांगितली आणि गायगॅक्सने स्वतःच्या पद्धतीने तो मांडला. दुसऱ्या लेव्हलला १,२०० गुण, सगळ्यांत स्वस्त.

चोर येईपर्यंत कुणीही चोरपावलांनी चालू शकत होतं. ‘मी बूट काढून भिंतीला धरून जातो’ असं लढवय्याने म्हटलं की पंच विचार करून निकाल द्यायचा. आता चोराच्या नावापुढे इतके टक्के अशी चोरपावलांची नोंद आली आणि बाकीच्यांची ती वाट बंद झाली. नवा क्लास जेवढं देतो तेवढंच तो इतरांकडून काढून घेतो, हे पहिल्यांदा इथे दिसलं. जुनेजाणते खेळाडू आजही चोराच्या नावाने बोटं मोडतात ती याच कारणाने.

एक गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. मूळ पेटीतल्या नियमांत पात्र माणसाचं सोडून इतर काल्पनिक वंशांचंही असू शके, पण हवं तितकं वर जाता येई ते माणसालाच. बुटक्या ‘ड्वार्फ’ने सहाव्या लेव्हलला थांबायचं, हॉबिटने चौथ्या. एल्फ जादूगार म्हणून आठवीपर्यंत जाई, लढवय्या म्हणून चौथीपर्यंतच. पराक्रम कितीही असो, जन्माने ठरलेल्या पायरीवर दार बंद. १९७८ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं पुस्तक आलं, त्यात स्त्री-पात्रांच्या शक्तीच्या आकड्यालाही पुरुषांपेक्षा खालची मर्यादा घातली होती. लेव्हलच्या मर्यादेचं गायगॅक्सचं समर्थन असं, की एरवी माणूस म्हणून खेळायला कुणी तयारच झालं नसतं. एल्फला अंधारात दिसतं, गुप्त दारं सापडतात, त्याची भरपाई कुठेतरी करायला हवी होती. हिशेब म्हणून ते खरंही असेल. पण हिशेब जुळवायला गुणवत्तेला जन्माचं झाकण घालायचं, हा उपाय ज्या सहजतेने सुचला आणि चालून गेला ती सहजता आपल्या ओळखीची आहे. बऱ्याच टेबलांवर पंचांनी हा नियम गुपचूप गुंडाळून ठेवला. लेव्हलची ही मर्यादा पुस्तकातून अधिकृतपणे जायला २००० साल उजाडावं लागलं.

त्याच १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, निव्वळ मजकुराचा गेम सुरू केला. त्यात लेव्हल होत्या आणि सगळ्यात वर पोचणारा ‘विझर्ड’ होऊन त्या जगाचा कारभारी व्हायचा. बार्टल सामान्य घरातला मुलगा. इंग्लंडमध्ये कोण कुठल्या घरात जन्मला यावर सगळं ठरतं, तेव्हा ज्याच्या त्याच्या कर्तबगारीवर वर चढता येईल असं एक जग तरी असावं, ही त्यामागची भावना त्याने पुढे उघडपणे सांगितली आहे. एका बाजूला जन्माची मर्यादा, दुसऱ्या बाजूला तीच मोडायला काढलेली शिडी. दोन्हीकडे अवजार एकच, लेव्हल.

आता संगणकाकडे. पेटी बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोवर इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या यंत्रणेवर पहिली भुयारं खणली गेली होती. प्लेटो ही शिक्षणासाठी उभारलेली यंत्रणा. एका मोठ्या संगणकाला जोडलेली शेकडो टर्मिनल्स, त्यांचे नारिंगी उजेडाचे प्लाझ्मा पडदे, आणि त्यांवर धडे गिरवायचे सोडून रात्ररात्र खेळणारी पोरं. रस्टी रदरफर्डने १९७५ साली लिहिलेल्या गेमला धड नावही नव्हतं. एका संशोधनगटासाठी राखलेल्या ‘पी-एडिट-५’ या रिकाम्या फाइलमध्ये त्याने तो लपवला होता आणि त्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की पुसून टाकला जाई. खेळाडूने २०,००० अनुभवगुण मिळवले की त्याचं नाव मानकऱ्यांच्या यादीत लागे.

रदरफर्डच्या गेममध्ये क्लास नव्हते. एकटाच खेळाडू लढवय्याही, जादूगारही, पाद्रीही. यात आळस नव्हता. एकट्याने खेळायचं तर तलवार, मंत्र आणि औषध हे सगळं त्याच्याच पोतडीत हवं. क्लास ही गोष्ट चारचौघांत अर्थ असलेली. मला जे येत नाही ते तुला येतं, म्हणून तू सोबत हवास. टेबल गेलं तसं हे ‘तू’ गेलं. प्लेटोवरच १९७७ साली ‘ऊब्लिएट’ नावाचा गेम आला. त्यात निरनिराळ्या टर्मिनलांवर बसलेल्यांना जथा करून भुयारात उतरता येई, आणि क्लासही लगेच परत आले, पूर्वीपेक्षा जास्त.

घरगुती संगणकात मात्र माणूस एकटाच बसणार होता. यावर तोड काढली ती न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी. त्यांच्या १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’त एकाच खेळाडूने सहा पात्रं तयार करायची आणि सहाही जणांना आपणच चालवायचं. टेबलाभोवतीचे मित्र आता एका फ्लॉपीत मावले. गेममधले दुष्ट जादूगार वर्डना आणि राजा ट्रेबोर म्हणजे अँड्र्यू आणि रॉबर्ट ही नावं उलटी लिहिलेली.

‘विझर्ड्री’त चार साधे क्लास होते. लढवय्या, जादूगार, पुरोहित, चोर. त्यावर चार उच्च क्लास: बिशप, सामुराई, लॉर्ड आणि निंजा. लॉर्ड सज्जनालाच होता येई, निंजा दुर्जनालाच, आणि निंजासाठी शक्ती, बुद्धी अशा सहाच्या सहा गुणधर्मांत सतरा हवेत. पात्र घडवताना वाटायला मिळणारे जादा गुण यंत्राच्या लहरीवर. बहुतेक वेळा सात-आठ, क्वचित वीसच्या आसपास. लोक तासन्‌तास पात्रं बनवून फेकून देत बसायचे, मोठा आकडा पडेपर्यंत. टेबलावर हा उद्योग पंचाने दुसऱ्या फेरीलाच थांबवला असता. इथे कोण थांबवणार?

लेव्हल वाढायची ती सराईत. भुयारातून जखमी होऊन यायचं, पैसे मोजून खोली घ्यायची, सकाळी समजायचं की आपण वर चढलो. तबेल्यात झोपायला पैसे पडत नसत, जखमा भरत नसत, पण मंत्र परत मिळत. म्हणून सगळे कवडीचुंबक खेळाडू पुरोहिताला तबेल्यात झोपवायचे, सकाळी त्याच्याकडून इतरांना बरं करून घ्यायचे आणि पुन्हा त्याला तबेल्यात पाठवायचे. लेव्हल वाढताना हे गुणधर्म वाढतीलच असंही नव्हतं, कधी बुद्धी एकने कमी झालेली दिसे. मुक्कामाने वय वाढे, क्लास बदलला की एकदम काही वर्षं जात. मेलेल्याला देवळात न्यायचं, दक्षिणा द्यायची. विधी फसला तर राख. राखेवरचाही फसला तर पात्र कायमचं गेलं, आणि हे सगळं त्याच क्षणी फ्लॉपीवर लिहिलं जाई. शहाणे लोक फ्लॉपीची नक्कल जवळ ठेवत आणि ती वापरल्याचं कुणाला सांगत नसत.

एवढ्या निष्ठुरपणातही ‘विझर्ड्री’ने त्या सहा जणांवर जीव लावायला शिकवलं. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात तर नवीन पात्रं घेऊन उतरताच येत नसे, पहिल्या भागात वाढवलेली आणावी लागत.

रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा’ या गेममालिकेचे पहिले तीन भाग इथे सोडून देतो. १९८५ चा चौथा भाग वेगळा. तिसऱ्या भागानंतर आलेल्या पत्रांमुळे गॅरियट अस्वस्थ झाला होता. आपले खेळाडू दुकानं लुटतात, गावकऱ्यांना मारतात आणि तरीही वीर ठरतात, हे त्याला खटकलं. चौथ्या भागात क्लास निवडता येत नाही. एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते आणि पेच टाकते. खरं बोललं तर मित्राला इजा होते, काय करशील? अशा सात प्रश्नांवर ठरतं की तुम्ही कोण. शौर्याला महत्त्व दिलंत तर लढवय्या, करुणेला दिलंत तर भाट. आणि प्रत्येक वेळी नम्रतेच्या बाजूने कौल दिलात तर मेंढपाळ, सगळ्यात दुबळा. नम्र माणसाला खेळ सगळ्यात अवघड, यातला खवचटपणा मला फार आवडतो. औषधी विकणारी आंधळी बाई पैसे मोजून घेत नाही, तुम्ही द्याल ते घेते. कमी दिलेत तर गेम गप्प राहतो आणि तुमचा प्रामाणिकपणा मनातल्या मनात वजा करतो. तो आकडा पडद्यावर कुठेच दिसत नाही. संगणकात पंच परत बसवण्याचा त्या दशकातला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न हाच असावा.

१९८३ साली एनिक्स या जपानी कंपनीच्या गेम बनवण्याच्या स्पर्धेतले विजेते सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अ‍ॅपलफेस्ट’ या संगणक-मेळाव्याला गेले. त्यात युजी होरी हा नियतकालिकांत लिहिणारा तरुण होता. तिथे त्याला ‘विझर्ड्री’ भेटली. पण त्याच्या देशात घरोघरी निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे गेमयंत्र होतं, शाळकरी मुलांच्या हातात. सहा पात्रं, आठ क्लास, राख, हे त्यांच्या पचनी कसं पडणार? २७ मे १९८६ ला आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये होरीने सगळं सोलून काढलं. एकच नायक. क्लास नाही. समोर एका वेळी एकच शत्रू. ‘स्लाइम’ नावाचा हसरा गोळा मारला की एक गुण, सात गुणांवर दुसरी लेव्हल आणि छोटीशी धून. दोन हजारांवरून सात! शेवटची तिसावी लेव्हल ६५,५३५ गुणांवर, कारण त्या यंत्रात सोळा बिटांत त्याहून मोठा आकडा मावतच नाही. होरीचा विचार असा, की नेमबाजीच्या गेममध्ये ज्याची बोटं चपळ नाहीत त्या मुलाच्या पदरी हार ठरलेली. इथे तसं नाही. चिकाटी धरली तर कुणीही पुढे जाईल.

एकदा मुलांना लेव्हलची सवय लागल्यावर होरीने क्लास परत आणले. १० फेब्रुवारी १९८८ ला तिसरा भाग आला तो दिवस बुधवार होता, आणि शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आल्या. या भागात खानावळीत जाऊन सोबती गोळा करायचे. लढवय्या, मल्ल, पुरोहित, जादूगार, व्यापारी आणि एक ‘आसोबिनिन’, म्हणजे निव्वळ टवाळ. लढाई ऐन रंगात असताना हा विनोद सांगतो, सांगितलेलं ऐकत नाही. विसाव्या लेव्हलनंतर दामा नावाच्या मंदिरात क्लास बदलता येतो. लेव्हल पुन्हा एक होते, गुणधर्मांचे आकडे निम्मे होतात, शिकलेले मंत्र राहतात. सगळ्यांत थोर क्लास ऋषीचा. त्यासाठी इतरांना दुर्मिळ पोथी लागते. टवाळाला लागत नाही. वीस लेव्हल त्याचा वात्रटपणा सोसलात तर तो थेट ऋषी होतो. हा नियम आकडेमोडीतून निघालेला नाही, एका लेखकाला सुचलेला आहे, हे लगेच कळतं.

होरीने पात्राला मायेने वाढवलं. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या ‘फायनल फँटसी’ या मालिकेच्या दुसऱ्या भागात अकितोशी कावाझू याने लेव्हलच काढून टाकली. तलवार चालवाल तर तलवार सुधारेल, मंत्र वापराल तर मंत्र, मार खाल तर सोसण्याची ताकद वाढेल. कागदावर याहून रास्त काय असणार? खेळाडूंच्या थोड्याच दिवसांत ध्यानात आलं, की मार शत्रूकडूनच खायला हवा असं कुठे म्हटलेलं नाही. दुबळा शत्रू समोर ठेवून ते आपल्याच सोबत्यांना बडवत बसू लागले. वहीत फटक्यांची नोंद होत होती, फटका कुणी मारला याची चौकशी नव्हती. तिसऱ्या भागात, १९९० साली, कंपनी निमूटपणे लेव्हलकडे परतली. कावाझूने मात्र आपला हेका सोडला नाही. गेम बॉयसाठी त्याने काढलेला ‘सागा’ हा कंपनीचा दहा लाख प्रती खपलेला पहिला गेम ठरला.

इंटरनेटवर हजारो माणसं एकाच जगात खेळू लागली तेव्हा टेबल पुन्हा भरलं, आणि नियमांवरून होणारी भांडणंही परतली. आता पंच म्हणून अख्ख्या कंपन्या बसल्या. २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमची चाचणी चालू असताना तो काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीला वाटलं की लोकांनी सलग फार वेळ खेळू नये. म्हणून नियम केला, की काही काळाने अनुभवगुण निम्मे मिळायला लागतील, सराईत जाऊन विसावा घेतला की पुन्हा पूर्ववत. खेळाडू खवळले. आपल्या घामाचे गुण कापायचा यांना काय अधिकार, म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने आकड्यांना हात लावला नाही. निम्म्याला पूर्ण म्हटलं, पूर्णाला दुप्पट म्हटलं, आणि विसावा घेणाऱ्याला बक्षीस म्हणून दुप्पट गुण मिळतील असं जाहीर केलं. लोक खूश झाले, आणि तो नियम अजूनही त्या गेममध्ये आहे.